कोरे राखलेले शेवटचे पान

मित्रांनो, मी कागद आहे आणि जुना आहे, पण मला रद्दी समजू नका. एके काळी माझ्यावर काहीच लिहिलेले नव्हते, आणि त्यातच माझे सगळे मोल होते. आज माझ्या दोन्ही बाजूंना दाट अक्षरे आहेत आणि त्यातले एकही वाक्य खरे नाही. हे असे कसे झाले ते मी तुम्हाला सांगणार आहे. मला तोंड नाही, हात नाहीत, अंगावरची शाई पुसताही येत नाही. ऐकणारा कुणी मिळाला की जीव जरा हलका होतो, एवढेच.

माझा जन्म चिंध्यांतून झाला. नदीकाठच्या एका कागदाच्या गिरणीत लोकांचे जुने सदरे आणि विटलेल्या चादरी कुटून त्यांचा लगदा करीत. तो जाळीवर पसरायचा, दाबायचा आणि दोरीवर वाळत घालायचा. म्हणून तर मी अजून टिकून आहे. लाकडाच्या लगद्यापासून झालेले माझे धाकटे भाऊ केव्हाच पिवळे पडून चुरा झाले.

गिरणीतून मी कीएव्हकडच्या वेर्बिनित्सा नावाच्या लहान गावी आलो. तिथल्या ज्यू लोकांचे एक अंत्यसेवा मंडळ होते. त्यांच्यातले कुणी वारले की मंडळाची माणसे हातातले काम टाकून जात, मृताला न्हाऊ घालीत, पांढऱ्या कापडात गुंडाळीत आणि स्वतःच्या हाताने खड्डा खणीत. याचे कुणाकडून काही घेत नसत. मेलेला माणूस उपकार फेडू शकत नाही, म्हणून हीच काय ती निखळ सेवा, असे ते मानीत. कोण गेले, कधी गेले, कुठल्या रांगेत निजवले, हे ते एका जाड वहीत लिहीत. त्या वहीचे मी शेवटचे पान.

आणि शेवटचे पान कोरे ठेवायचे, हा त्या मंडळाचा नेम होता. वही भरत आली की ती उसवायची, माझ्या आधी नव्या कागदांचे जुज, म्हणजे दुमडलेल्या पानांचे गठ्ठे, घालायचे आणि पुन्हा शिवायची. मी मात्र शेवटीच राहायचो, आणि कोराच. मृतांची वही पुरती भरू द्यायची नाही; ती भरली म्हणजे गाव संपले, अशी त्यांची समजूत. कुणाच्या घरी बाळ जन्मले की मंडळाचा एखादा म्हातारा वही उघडून माझ्यावरून हात फिरवायचा आणि म्हणायचा, "असाच राहा बाबा." असा मान कुठल्या लिहिलेल्या कागदाला मिळतो? मला तर गर्वच झाला होता, खोटे कशाला बोलू.

मंडळ म्हणजे कुणी मोठे लोक नव्हते. प्रमुख होते पेसाख, आदराने रेब पेसाख, घरोघर खिडक्यांना काचा बसवणारे. लुझेर पाणी भरायचा, युदल मेणबत्त्या ओतायचा. एक नवे फावडे घ्यायचे की नाही यावर हे तिघे दोन वर्षे भांडत होते. लुझेरला लांब दांड्याचे हवे, युदलला आखूड, आणि पेसाख म्हणायचे की जुन्यालाच धार लावा. वही सांभाळायचे काम चौथ्याकडे होते. त्याचे नाव मेनाशे. तो पुस्तके बांधायचा. त्याच्या वडिलांनी मला वहीत शिवले होते आणि मेनाशेने मला तीनदा उसवून पुन्हा शिवले होते, तेही एक टाका इकडचा तिकडे न होऊ देता.

मेनाशेचा हात सोन्याचा होता, पण एक खोड होती. कुणी त्याच्या कामाचे कौतुक केले की तो विरघळायचा. त्याची बायको फ्रायदल हे चांगले ओळखून होती.

एका हिवाळ्यात तालुक्याच्या कचेरीतला कारकून अर्कादी पोर्फिर्येविच दप्तरे बांधून घ्यायला दुकानात आला. हा माणूस पूर्वी पाद्री व्हायला शिकत होता. ते शिक्षण अर्धवट राहिले, पण तिथे त्याला हिब्रू अक्षरे मात्र गिरवता येऊ लागली होती. अक्षर तर त्याचे छाप्यासारखे. कचेरीत वर चढायची त्याला फार घाई होती, पण वर कुणी ओळखीचे नव्हते.

"ही शिवण तुझी?" त्याने एक पुस्तक उलटेपालटे करून विचारले.

"माझीच, अर्कादी पोर्फिर्येविच."

"मी कीएव्हमध्ये राहून आलोय, मेनाशे. तिथंही असं काम नाही बघितलं."

झाले. मेनाशे हरभऱ्याच्या झाडावर चढला. "हे काहीच नाही," तो म्हणाला, "काम बघायचं तर आमच्या मंडळाची वही बघा." आणि त्याने पेटीतून आम्हाला बाहेर काढले.

पडद्यामागे बटाटे सोलणारी फ्रायदल म्हणाली, "चहा विचार म्हटलं होतं मी पाहुण्याला. वही दाखव असं कोण म्हणालं?"

"तू बटाटे बघ."

"बटाटे बघतेच आहे. बटाट्यांना कुणी छान म्हटलं तरी ते सालीतून बाहेर येत नाहीत."

कारकून हसला. त्याने एकेक पान उलटले, शेवटी माझ्यापाशी आला आणि थांबला. त्याचे बोट थंड होते. मग तो सहज म्हणाल्यासारखे म्हणाला, "कचेरीतल्या मृत्यूच्या नोंदी हिच्याशी ताडून बघायच्यात. उद्या दुपारी परत आणून देतो."

ही वही घराबाहेर न्यायची तर मंडळाचे दोन सभासद तिच्याबरोबर हवेत, असा कडक नियम होता. मेनाशेने तो चाचरत सांगितला.

"मग दोघांना माझ्या टेबलाशी बसवून ठेवू? बरं, राहू दे. मंडळानं वही दाखवायला नकार दिला, असं लिहून कळवतो वर."

सरकारदरबारी आपल्या मंडळाचे नाव नकार देणाऱ्यांत जाईल, याची मेनाशेला धास्ती वाटली. त्याने वही फडक्यात गुंडाळली आणि कारकुनाच्या हातात दिली. दाराशी उभे राहून तो बराच वेळ बघत होता. हाक मारावी असे त्याला वाटत असावे. त्याने हाक मारली नाही.

त्याच संध्याकाळी अर्कादी पोर्फिर्येविचने मला कापले. धारदार पाते शिवणीच्या कडेने वरून खाली ओढले. माझी सुतभर रुंदीची पट्टी वहीतच राहिली आणि बाकीचा मी त्याच्या टेबलावर आलो. वही बंद झाल्याचा आवाज मी ऐकला. इतकी वर्षे त्या सगळ्या नावांच्या शेजारी राहिलो होतो. त्यांना एकटे टाकून आल्यासारखे वाटले मला.

मग त्याने लिहायला घेतले. मंडळाच्या जुन्या पानांवरून त्याने अक्षराचे वळण उचलले होते. अंत्यसेवा मंडळाच्या गुप्त बैठकीचा वृत्तांत, असे त्याने वर लिहिले. पुढे जे लिहिले ते मी तुम्हाला सगळे सांगणार नाही, कारण तेच ते घाणेरडे खोटे अजून किती तोंडांनी फिरायचे. एवढेच सांगतो, की ज्यांना एक फावडे ठरवता येत नव्हते ते लोक आधी बाजार, मग जिल्हा आणि मग सगळे राज्य आपल्या मुठीत घ्यायचा कट करत आहेत, असे ते होते. खाली पेसाख, लुझेर आणि युदल यांच्या सह्या त्यानेच केल्या. मेनाशेची सही मात्र केली नाही. ज्याच्या हातून वही मिळाली त्याचे नाव या भानगडीत यायला नको, एवढी अक्कल त्याला होती.

शाई माझ्या अंगात मुरत होती आणि मला काही करता येत नव्हते. तुमच्या अंगावर कुणी शिव्या गोंदवून तुम्हाला चौकात उभे केले तर कसे वाटेल? आणि लोक त्या वाचून तुमच्याकडेच बोट दाखवू लागले तर? ओरडून सांगावे, हे मी नाही म्हणत. पण कागदाच्या अंगावर जे लिहिले तेच कागदाचे बोलणे, असे सगळे धरून चालतात.

थोड्या दिवसांनी त्याने मला शहरातल्या एका वर्तमानपत्राच्या संपादकापुढे ठेवले. संपादकाने मला उजेडात धरले, नखाने खरवडले.

"कागद जुना आहे," तो म्हणाला. "मजकूर खरा आहे का?"

"वाचणाऱ्याला खरा वाटेल."

संपादकाने आणखी काही विचारले नाही. पुढच्या रविवारी माझे छायाचित्र आणि मजकुराचे भाषांतर पहिल्या पानावर छापून आले. मूळ मी खणात गेलो. बाहेर काय चालले होते ते मी पाहिले नाही. ते सगळे मी आठ महिन्यांनी जिल्हा न्यायालयात, न्यायाधीशांच्या टेबलावर एका पितळी वजनाखाली पडून ऐकले.

पोलीस वेर्बिनित्साला आले आणि तिघांना घेऊन गेले. त्याच आठवड्यात आसपासच्या खेड्यांतले लोक काठ्या घेऊन गावात शिरले आणि ज्यूंच्या गल्लीतली एकही खिडकी त्यांनी धड ठेवली नाही. युदलच्या म्हाताऱ्या आईचा पाय मोडला. काचा बसवणारा तर तुरुंगात होता, त्यामुळे गावाने तो हिवाळा खिडक्यांत उशा कोंबून काढला.

मेनाशे बाहेर होता. लोक त्याला विचारीत, "तीन नावं आली, तुझं कसं नाही आलं रे?" तो मूग गिळून बसायचा. कारण त्याने आणखी एक गोष्ट केली होती, जी फक्त त्यालाच ठाऊक होती.

खटल्याच्या पहिल्या दिवशी पेसाखना उभे केले. तुरुंगात त्यांची दाढी पार पांढरी झाली होती.

"हे पान तुमच्या वहीतलं आहे का?" सरकारी वकिलाने विचारले.

"नाही, साहेब. आमच्या वहीचं शेवटचं पान आम्ही कोरं ठेवतो, आणि ते वहीतच आहे. उघडून बघा."

वकिलाने वही उघडली. मी टेबलावरून पाहिले. माझ्या जागी एक पान होते, कोरे आणि जुनाट दिसणारे. माझा माझ्यावरच विश्वास बसेना. ते मी नव्हतो. कुणी तरी माझ्या जागी बसवलेला परका होता तो.

वकील काही कच्चा नव्हता. त्याने ते पान बोटांत चोळले. "बाकीच्या पानांपेक्षा हे पातळ लागतंय मला. उद्या शहरातून तज्ज्ञ येतील आणि वहीची शिवण उसवून बघतील. खरं पान काढून तिथं दुसरं चिकटवलेलं निघालं, तर हे तिघं शपथेवर खोटं बोलले असं होईल. लपवण्यासारखं काही असल्याशिवाय पान कोण बदलतं?"

पेसाख म्हणाले, "बघा की उसवून." त्यांना कशाची भीती नव्हती, कारण त्यांना काही ठाऊकच नव्हते.

तेव्हा मागच्या बाकावरून कुणी तरी उठले. टोपी हातात घेऊन मेनाशे उभा होता. आठ महिन्यांत अंगावरचा कोट त्याला ढगळ होऊ लागला होता.

"तज्ज्ञ कशाला बोलवता, साहेब," तो म्हणाला. "ते पान खोटं आहे. मीच लावलंय."

पेसाख वळून त्याच्याकडे बघू लागले. "मेनाशे, खाली बस."

"नाही बसत, रेब पेसाख. आठ महिने बसलोच होतो."

मग त्याने सगळे सांगितले. वही नियम मोडून एकट्याच्या जबाबदारीवर कारकुनाला दिली. परत आली तेव्हा हातात घेताच कळले, शेवटी एक पान कमी आहे. पुस्तके बांधणाऱ्याच्या हाताला ते कळतेच. मंडळाला सांगायचे म्हणजे नियम मोडल्याचे सांगायचे. बापाची अब्रू, आपली अब्रू. म्हणून दुकानातला एक कोरा कागद घेतला, त्याला जुना रंग दिला आणि उरलेल्या पट्टीवर खळीने चिकटवून टाकला.

"रंग कशाचा दिला?" न्यायाधीशांनी विचारले.

"चहाचा. तीन पेले लागले. बायको विचारत होती, कोण पाहुणे येऊन गेले म्हणून."

"मला वाटलं चोरून पितोय," फ्रायदल बाकावरून म्हणाली. शिपायाने तिला गप्प केले.

न्यायाधीशांनी मेनाशेला पुढे बोलावले. त्याने ओला रुमाल मागून घेतला, खळ भिजवली आणि ते चहाचे पान अलगद सोडवले. खाली माझी पट्टी होती, सुतभर रुंद. त्याने मला वजनाखालून उचलले. मला त्याचा हात ओळखू आला. त्याने माझी कड त्या पट्टीला लावली. पात्याने जिथे जिथे वाकडे वळण घेतले होते तिथे तिथे आम्ही एकमेकांत नीट बसलो. मित्रांनो, तेवढा वेळ मी माझ्या जागी होतो. त्या सगळ्या नावांच्या शेजारी. मला वाटले, आता संपले सगळे, आता मला परत शिवतील.

पण सरकारी वकील हसत उठला. "फार आभारी आहे. पान यांच्याच वहीचं, हे आता यांच्याच माणसानं सिद्ध केलं. मग त्यावरचा मजकूर यांचा नाही तर कुणाचा?"

माझे तर पाणी पाणी झाले. मेनाशेने आपल्या तोंडाने फास आणून मित्रांच्या गळ्यात अडकवला होता. लुझेरने डोळे मिटून घेतले. मेनाशे मला हातात धरून तसाच उभा होता, काही तरी बघत. तो आता घाबरलेला माणूस दिसत नव्हता. दुकानात काम तपासताना दिसायचा तसा दिसत होता.

"साहेब, यावर लिहिलंय ते वहीत असताना नाही लिहिलेलं," तो म्हणाला. "हे पहा. आमचं लिखाण उजवीकडून सुरू होतं, आणि या पानाची उजवी कड म्हणजे शिवणीची कड. शिवलेल्या वहीत तिथं खोलगट भाग असतो. लेखणी आतवर जात नाही, हात अडतो. म्हणून बाकीचं कुठलंही पान बघा, शिवणीपासून तीन बोटं जागा सोडलेली आहे. आणि इथं अक्षरं अगदी कडेपासून सुरू झालीत. सुट्या कागदावर लिहिताना हात असा मोकळा पडतो. आणि ही शाई बघा, कापलेल्या कडेवरून खाली उतरलीय. आधी कापलं, मग लिहिलं."

न्यायाधीशांनी भिंग मागवले. त्यांनी बराच वेळ माझी कड पाहिली, मग वहीची इतर पाने पाहिली. प्रत्येक पानावर तीन बोटे जागा होती.

"आणि त्यात लिहिलंय काय, ते पण वाचा की," फ्रायदल पुन्हा उठली होती. या वेळी शिपायाने तिला अडवले नाही. "आमच्या पंचांगातल्या अदार महिन्याच्या सातव्या दिवशी भर दुपारी मांस-मद्य घेऊन बैठक भरली म्हणे. त्या दिवशी? अहो, त्या दिवशी मंडळाचा कडक उपास असतो. सकाळपासून हे सगळे कबरस्तानात, मेलेल्यांची माफी मागत फिरतात, सेवेत काही चुकलं असेल तर पोटात घाल म्हणून. दुपारपर्यंत यांना उभं राहवत नाही, हे राज्य कुठून घेणार?"

लोक हसले. बचावाच्या वकिलाने खुलासा केला की त्या दिवशी चांदण्या दिसल्यावर मंडळ उपास सोडते आणि मग पेसाखच्या घरी जेवण होते. त्या दिवशी मंडळाची मेजवानी असते एवढेच कारकुनाने ऐकले होते, ती केव्हा ते नाही. मेजवानी त्याला ठाऊक होती, पण त्याआधीचा उपास त्याने कधी पाहिलाच नव्हता. तो पाहायला त्याला कबरस्तानात जावे लागले असते.

साक्षीला बोलावल्यावर अर्कादी पोर्फिर्येविचने कानांवर हात ठेवले. मी तर वही पाहिलीच नाही, म्हणाला. शेवटी त्याची बदली झाली, एवढीच काय ती शिक्षा. मजकूर बनावट असल्याचे न्यायाधीशांनी जाहीर केले आणि तिघांना सोडून दिले.

जाण्याआधी मेनाशे टेबलापाशी आला. "साहेब, हे पान आम्हाला परत द्या. लिहिलेला कागद आम्ही जाळत नाही, फेकत नाही. कबरस्तानात पुरतो."

"हा पुरावा आहे. फायलीतच राहील."

"त्याच्या अंगावर आमच्या लोकांच्या खोट्या सह्या आहेत, साहेब."

"म्हणून तर राहील," न्यायाधीश म्हणाले. ते वाईट गृहस्थ नव्हते. पण मला पुन्हा वजनाखाली ठेवले गेले.

पेसाख मागेच उभे होते. ते म्हणाले, "त्याच दिवशी येऊन सांगितलं असतंस तर मी तुला चार शिव्या घातल्या असत्या, मेनाशे. तेवढंच झालं असतं."

मेनाशेने मान हलवली. वही त्याच्याकडून काढून घेतली गेली, असे मी नंतर दोन शिपायांच्या बोलण्यात ऐकले. त्याने तक्रार केली नाही म्हणे. मंडळ सोडून मात्र तो गेला नाही. खड्डा खणायला सगळ्यांत आधी तोच हजर असायचा.

आता तुम्ही म्हणाल, चला, खरे काय ते उघड झाले, गोष्ट संपली. मलाही तसेच वाटले होते. वर्तमानपत्राने न्यायालयाचा निकाल आतल्या पानावर, कुणाला दिसणार नाही अशा कोपऱ्यात चार ओळींत छापला. पण पहिल्या पानावरचे माझे छायाचित्र तोवर कुठल्या कुठे गेले होते. त्याची पत्रके निघाली. पत्रकांची पुस्तिका झाली. ती दुसऱ्या भाषेत गेली, मग तिसऱ्या. वेर्बिनित्साचे नाव गळून पडले आणि दुसरी गावे आली, तिघांची नावे गळून पडली आणि कुणा दुसऱ्याची आली. माझ्यासारखे किती तरी बनावट कागद त्या काळात लिहिले गेले आणि एकाने दुसऱ्याला आधार दिला. फायलीत नवे कागद यायचे, त्यातून मला कळत राहायचे. मी अंधाऱ्या कपाटात दोरीने बांधलेला पडून होतो आणि बाहेर माझी भुते गावोगाव हिंडत होती. मी इथे असून त्यांना म्हणू शकत नव्हतो, थांबा, मी खोटा ठरलोय.

अशी पस्तीस-एक वर्षे गेली आणि दुसरे महायुद्ध आले. चालून आलेल्या सैन्याने वेर्बिनित्साच्या सगळ्या ज्यूंना एका सकाळी गावाबाहेर नेऊन मारले. बायकापोरांसकट सगळ्यांना. न्हाऊ घालायला, पांढऱ्या कापडात गुंडाळायला मंडळाचे कुणीच उरले नव्हते. वहीचे काय झाले ते मला माहीत नाही. मारणाऱ्यांच्या खिशात कदाचित माझी एखादी प्रतही असेल. ती लहानपणापासून वाचून त्यांना खरीच वाटू लागली असेल.

किती तरी वर्षे माझ्या मनात यायचे की मी कोरा राहिलो असतो तर गाव वाचले असते. आता तसे वाटत नाही. कोऱ्या कागदात एवढे बळ नसते. एखाद्याने खोटे लिहिले, दुसऱ्याने ते न विचारता छापले आणि हजारोंनी ते शेजाऱ्याच्या दाराशी जाऊन न पडताळता खरे मानले, म्हणून ते झाले. शेजाऱ्याच्या उपासाची माहिती एका कारकुनाला नव्हती. गावातल्या बाकीच्यांना तरी कुठे होती?

आज मी एका संग्रहालयात आहे. काचेच्या पेटीत, मंद दिव्याखाली. शेजारी एक पाटी आहे. तिच्यावर तीन भाषांत लिहिले आहे की हे बनावट आहे, कुणी, कसे आणि का लिहिले, न्यायालयात काय झाले. ती पाटी वाचता येते म्हणून मी या पेटीत शांत असतो. माझ्या अंगावरच्या खोट्याला तेवढाच एक उतारा आहे.

गेल्या वर्षी एक तरुण आला. त्याने मोबाइल काचेला जवळजवळ चिकटवला.

"पाटी पण येऊ द्या फोटोत," दाराशी बसणाऱ्या बाईंनी सांगितले.

"मावत नाही, मावशी."

"मागं सरका की जरा."

"राहू दे. पाटीचं काय करायचंय?"

पंधरा दिवसांनी एक शिक्षिका वर्गातल्या मुलांना घेऊन आल्या. त्यांच्या हातात मोबाइल होता आणि त्यावर माझेच छायाचित्र, नुसते माझे. कुणी तरी ते पुढे पाठवले होते, आणखी कुणी पुढे, असे करत ते वर्गातल्या एका मुलीच्या आजोबांपर्यंत पोहोचले होते. बघा, इतकी वर्षं हे आपल्यापासून लपवलं, असे त्याखाली लिहिलेले होते. ती मुलगी पेटीजवळ आली, आधी तिने मला न्याहाळले, मग पाटी वाचली, मग मोबाइलवरचे छायाचित्र पाहिले.

"बाई," ती म्हणाली, "पाटी कापलीय."

कुणी कापले हे तिला ठाऊक नव्हते, पण कापले आहे हे तिला दिसले. इतक्या वर्षांत मला समजून घेणारी ती फ्रायदलनंतरची दुसरी बाई म्हणायला हरकत नाही, वय वर्षे अकरा.

मित्रांनो, मला जाळा असे मी म्हणणार नाही. मी गेलो तर माझी भुतेच उरतील आणि मी खोटा ठरलो हे सांगायला कुणी राहणार नाही. म्हणून मी हा मजकूर अंगावर घेऊन इथे अडकून राहीन, हवी तितकी वर्षे. तुमच्याकडे माझी एवढीच मागणी आहे. एखाद्या जमातीचे गुपित म्हणून कुणी कागद तुमच्या हातात दिला तर तो कुठल्या वहीतून कापला ते विचारा, आणि त्या जमातीतले कुणी तुमच्या गल्लीत राहत असेल तर त्याच्या घरी जाऊन चहा प्या. आणि कधी मला बघायला आलात, फोटो काढावासा वाटला, तर जरूर काढा. फक्त दोन पावले मागे सरका, म्हणजे पाटीही त्यात मावते.